पार्वतामावशीचा दुसरा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकून माणसाला बाकावर बसवतात, तेव्हा त्याने तिथेच बसून राहावं. मी राहिलो नाही. तीन आठवड्यांपूर्वी वाशीमला माझ्याच डोळ्यांची तपासणी चालली होती. नर्सने तिसऱ्यांदा थेंब टाकले, "काका, डोळे मिटून बसा," म्हणाली, आणि खिशातला फोन वाजला. गजाननचा होता. गजानन म्हणजे माझ्या पार्वतामावशीचा पुतण्या; तिला तो मोठी आई म्हणायचा. "दादा, मोठी आई गेली... चहा घेतला अन् बसल्या जागीच मान टाकली." मी उठलो तो थेट बसस्टँडवर. एक एसटी सुरू होऊन उभी होती. पाटी मला धुरासारखी दिसत होती, पण माणसं घाईने चढत होती आणि घाई मलाही होती; एवढ्या पुराव्यावर मी आत शिरलो. गर्दीतून कंडक्टर माझ्यापर्यंत पोचला तेव्हा अर्धी वाट सरली होती. "रिसोड एक," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, हे गाडी कारंज्याची हाये. रिसोड तुमच्या पाठीमांगं राह्यलं." मंगरूळपीरला उतरलो, उलटी गाडी धरली, आणि सकाळी निघालेला मी मावशीच्या गावात, केनवडच्या अलीकडे, दुपार कलल्यावर पोचलो.

सगळी तयारी होऊन माणसं खोळंबली होती. कोणीतरी मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणालं, "पाव्हणा वाशीमचाच हाये ना, का अमेरिकेचा?" पण गजाननने कोणालाही हात लावू दिला नव्हता. "दादा आल्याबिगर उचलाचं नाही," हे त्याचं एकच पालुपद. मला हाताला धरून त्याने मावशीजवळ नेलं, तोंडावरचा पदर बाजूला केला. "पाहून घे, दादा." मी पाहिलं... म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. थेंबांचा अंमल उतरला नव्हता. नाकाची रेघ दिसली, कपाळ दिसलं, बाकी पांढरं धुकं. हे गजाननला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याने माझ्यासाठी चार तास सगळ्या गावाची बोलणी खाल्ली होती, आणि ती का खाल्ली हे त्या गर्दीत त्याला आणि मलाच माहीत होतं.

ते सांगायचं तर आधी माझी नोकरी सांगावी लागेल. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक आहे. शब्द भारदस्त आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्याने चांगलं काम केलं. साध्या भाषेत, म्हशीची जखम धुऊन पट्टी बांधणारा माणूस. पण नात्यागोत्यात 'तो दवाखान्यात आहे' एवढंच पोचलं, पुढचं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कोणाच्या पित्तापासून कोणाच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारावं आणि मी मान हलवून उत्तर द्यावं, असा आमचा रिवाज पडला होता. बैलाला चालतं ते माणसाला अर्ध्या डोसात चालतं, असं माझं एक खाजगी शास्त्रही होतं. सुदैवाने त्याने कोणी दगावलं नाही. जे नुकसान झालं ते वेगळंच झालं.

पार्वतामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा लवकर गेला, दीरही गेला, आणि एका अंगणात दोन जावा उरल्या. पार्वता आणि कौसाबाई. गजानन कौसाबाईचा मुलगा, पण तो वाढला दोन्ही चुलींवर. या दोघी चाळीस वर्षं रोज भांडल्या. भांडण बहुधा भाजीत तिखट किती यावरून सुरू व्हायचं आणि कोण आधी मरणार यावर संपायचं. तरी एकीने चहा ठेवला की दुसरीला हाक न मारता ती दोन कप मांडायची. म्हातारपणी दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. मावशीचे दोन्ही गढूळ, कौसाबाईचा एक बरा. सुईत दोरा कौसाबाई ओवायची, दूरवरून येणारा माणूस कौसाबाई ओळखायची, आणि गावाला मात्र वाटायचं की पार्वताबाईला या वयातही झकास दिसतं. हे बिंग फुटलं ते शेतात. सोयाबीनच्या निंदणाला मावशी हौसेने गेली आणि दोन अख्ख्या ओळींत तिने सोयाबीन उपटून टाकलं आणि केना हे तण तेवढं जपून ठेवलं. संध्याकाळी गजाननने विचारलं तर कौसाबाई म्हणाली, "बकऱ्यायनं खाल्लं." बकऱ्या इतक्या सरळ रेषेत खात नाहीत, एवढं गजाननला कळत होतं. त्याने मला फोन केला. मी दवाखान्यातला ना!

मी मावशीला वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण समजावून सांगायची तिला हौस होती. मावशीचा पहिला प्रश्न होता, "पिकला काय?" आमच्याकडे सगळ्यांचा तोच असतो. जे कच्चं आहे ते तोडायचं नाही, हे शेतकऱ्याच्या हाडात बसलेलं आहे, आणि मीही तिला वर्षभर हेच सांगत आलो होतो, की घाई नको, पिकू दे. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, पिकायची वाट पाहायचे दिवस गेले. डोळ्यावर पडदा येतो असं लोक म्हणतात, तसं नसतं ते. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, स्वच्छ काचेसारखं. वय झालं की ते गढूळ होतं. थेंबांनी ते निवळत नाही. काम अडायला लागलं की ते काढायचं आणि तिथे नवं भिंग बसवायचं. फार थांबलं तर भिंग दगडासारखं कडक होतं, कधी डोळ्यातला दाब वाढतो, आणि मग गेलेली नजर परत येत नाही." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या मोठ्या चित्राकडे पाहिलं. साखर, रक्तदाब, हृदयाचा ईसीजी, नव्या भिंगाचं माप... सगळं जमलं. एकेक डोळा करायचा ठरला, आधी उजवा.

कौसाबाईलाही तेव्हाच करून टाका, असं मी सुचवलं होतं. तिने मला उडवून लावलं. "दोघीबी पट्ट्या बांधून बसलो त चहा कोन करन रे बाप्पा? हिचं होऊ दे. हे आली का मी जाईन." निघायच्या दिवशी ती फाट्यापर्यंत चालत आली. मावशी गाडीत बसता बसता म्हणाली, "आली का पैले तुयं तोंड पाहीन, कौसे. लय वर्स झाले, धुकटातच पाहून राह्यली." कौसाबाई म्हणाली, "पाहासारखं काई नाई उरलं त्यात. समोरचे दोन दात गेले, तुले पत्ताच नाई." मावशी म्हणाली, "माहीत हाये. शिव्या देतानी हवा येते." गाडी सुटली.

ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत झालं. बारीकशी चीर, जुनं भिंग फोडून ओढून घेतलं, घडी केलेलं नवं आत सरकवलं, टाका नाही. मावशीला आधी वाटलं होतं की डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात. तसं काही झालं नाही याची तिला किंचित निराशाच झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. ती आमच्या घरी खाटेवर बसली, काळा चष्मा हातात धरून इकडेतिकडे पाहत राहिली. मोतीबिंदूतून सगळं पिवळट, मळकट दिसतं, आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. तिने आमची पांढरी चादर पाहिली, शेजारच्या गच्चीवरची निळी टाकी पाहिली, माझी बायको शोभा चहा घेऊन आली तिच्याकडे पाहिलं. "सूनबाई, तुये केस पांढरे झाले वं." मग माझ्याकडे. "अन् तू एवढा काया कवा झाला रे?" मग स्वतःच्याच हाताकडे किती तरी वेळ पाहत बसली. प्रत्येक गोष्टीमागून एक वाक्य ठरलेलं होतं. "हे कौसीले सांगाचं." पंख्यावरची धूळ कौसीले सांगायची, टाकीचा निळा कौसीले सांगायचा, पालीच्या शेपटाचे पट्टेसुद्धा कौसीले सांगायचे. एका दिवसात तिने एवढं जमवलं होतं की सांगायला महिना लागला असता.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गजाननचा फोन आला. मी कामावर होतो, एका गाईच्या खुराला पट्टी बांधत होतो. "दादा... आई गेली. छातीत दुखते म्हनली, पानी मांगलं, अन् मी पानी आनोस्तोवर..."  मग म्हणाला, "मोठ्या आईले घेऊन ये. तवरोक थांबतो आमी."

मी काय बोललो ते मला शब्दन्शब्द आठवतं. मी म्हणालो, "येडा झाला काय? परवा ऑपरेशन झालं तिचं. रडली त डोया जाईन." गजानन म्हणाला, "एकडाव डॉक्टरले इचारून पाह्य ना, दादा." मी म्हणालो, "त्यात काय इचाराचं? मी हावो ना दवाखान्यात." त्याने फोन ठेवला. त्याचा माझ्या दवाखान्यावर विश्वास होता. खरं तर डॉक्टरीणबाईने कागदावर सगळं लिहून दिलं होतं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, चुलीचा धूर नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. रडण्याचं त्यात अक्षर नव्हतं. पण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि रडणं म्हणजे पाणीच, असा मी सरळ हिशोब मांडला. आत जायचं पाणी आणि बाहेर यायचं पाणी यातला फरक बैलाच्या डोळ्यांत रोज पाहणाऱ्या माणसाला कळू नये!

कोणाला न सांगता मी परस्पर कौसाबाईच्या मातीला जाऊन आलो. नदीवर आंघोळ करून घरी आलो तर मावशी समोरच. नवा डोळा. "भर दुपारी डोकं कायले धुतलं रे?" मी म्हणालो, "म्हशीनं शेपटीनं शेन उडवलं." ही माझी त्या आठवड्यातली एकमेव बरी थाप. रात्री स्वयंपाकघरात शोभाला सगळं सांगितलं. ती भांडं हातात तसंच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सांगून टाका. बाई हाये ते, मातीची नाई." मी म्हणालो, "अन् डोया गेला तर?"  प्रश्न विचारणारा मी होतो, म्हणून मी जिंकलो.

मग थापांचे दिवस सुरू झाले. मावशीला फोनवर कौसाबाईशी बोलायचं होतं. गजाननचा फोन बिघडला. दुसऱ्या दिवशीही बिघडलेलाच. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "मंग तिलेच पाठव म्हना इकडं, गाडीत बसवून." आता काय सांगावं... मी बोलून गेलो, "कौसाकाकू गावात नाई, पोहरादेवीले गेली." मावशी चाट. "अंगन सोडून कुठी जात नाई ते, पोहरादेवीले कायले गेली?" थापेला पाय फुटले की त्या आपल्याच वाटेने चालतात. मी म्हणालो, "तुह्या डोयासाठी. नवस बोलली होती."  मावशी काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "मले कधी बोलली नाई... अशीच हाये ते." आणि हसली. पुढे कितीतरी वेळ आपल्याशीच हसत होती. शोभा उठून आत गेली आणि तिने मिक्सर लावला. त्यात काही नव्हतं, हे मला नंतर कळलं.

डोळ्याचं काम उत्तम चाललं होतं. आठवड्याने दाखवायला नेलं, डॉक्टरीणबाई खूष. "काही विचारायचंय?" तिने विचारलं. मावशी शेजारीच बसली होती, म्हणून मी 'नाही' म्हणालो. तिला बाहेर बसवून परत आत जाता आलं असतं. दहा पावलं होती. गेलो नाही. मला वाटतं, डॉक्टर काय सांगेल याची मला तेव्हाच भीती वाटायला लागली होती. उलट आणखी चार दिवस ठेवून घेऊ म्हणालो. जास्त चावायचं नाही अशी माझीच एक अट होती, म्हणून शोभा मऊमऊ करून घालायची... शिरा, खीर, गूळ घालून दलिया. मावशी मिटक्या मारत खायची. "सूनबाईच्या हाताले चव हाये. कौसीचा शिरा म्हंजे भिताडाले लावाचं मटेरिअल."

कौसाबाईचा दहावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन निघालो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. प्रत्येक गाव आलं की पुढच्या गावाला सांगू म्हणायचो. ती खिडकीतून पाहत होती. किती तरी वर्षांनी तिला दूरची झाडं एकेक अशी वेगळी दिसत होती, आणि ती मला त्यांची नावं सांगत होती. सांगायचं राहून गेलं ते गेलंच. फाट्यावर गाडी थांबली. गजानन न्यायला आला होता, चाळीसेक पावलांवर उभा होता. डोक्यावर टोपी घाल, एवढंही सांगायचं मला सुचलं नव्हतं. आदल्या दिवशी उतरवलेलं त्याचं डोकं उन्हात चकचकत होतं. बारा दिवसांपूर्वी चाळीस पावलांवर माणूस आहे की खांब, हे मावशीला कळलं नसतं. आता तिला सगळं दिसलं.

ती उतरून तशीच उभी राहिली. गजानन जवळ आला, पाया पडायला वाकला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टाळूवरून एकदा फिरवला. "कवा?"

"तुही पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मोठी आई."

मी घाईघाईने खिशातून थेंबांची बाटली काढली होती. कशासाठी, देव जाणे. "मावशी, डोयाकडं पाह्य... रडू नको," मी म्हणालो. ती रडली नाही. माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दहा दिस सुतकात बसून मी गोड खाल्लं." मग गजाननचा हात धरून चालायला लागली. त्या एका वाक्यात सगळं आलं होतं. हसली ते, शिऱ्याची चव घेतली ते, कौसाबाईच्या शिऱ्याची टिंगल केली ते. ज्या दिवसांत कौसाबाईचं दुःख पाळायचं त्याच दिवसांत तिच्या नावाने मी मावशीला जिलेबीसारखं गोड गोड फसवलं होतं, आणि वर समजत होतो की डोळा वाचवला.

त्यानंतर ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला 'तुमी' म्हणायला लागली. ज्या मावशीने मला जन्मात 'अरे' आणि 'मुडद्या' याखेरीज हाक मारली नव्हती, ती म्हणायची, "या, बसा. चहा घेता काय? घरी सर्वे बरे हायेत ना?" तिच्या अंगणात मी दोन वर्षं पाहुणा झालो. डाव्या डोळ्याचं नाव काढलं की म्हणायची, "एकानं चालते." डॉक्टरीणबाईने दोनदा निरोप पाठवला. डावा डोळा पांढराफट्ट झाला, दुरून दिसायला लागला. डोकं दुखायचं, त्या बाजूने कोणी आलं की ती दचकायची, एकदा पायरीवरून पडली. उशीर झाला तर हा डोळा कायमचा जाईल हे मला माहीत होतं, आणि मी सांगून ती ऐकणार नाही हेही. मी रोज स्वतःला सांगायचो की माझ्यावरच्या रागापायी ती डोळा घालवते आहे. झोप लागायची नाही. शेवटी एका रविवारी जाऊन तिच्या पायाशीच बसलो. "मावशी, मले काय शिक्षा द्यायची ते दे, पन डोयावर राग काढू नको."

ती तूर निवडत होती. सूप बाजूला ठेवलं तिने. "तुमच्यावरचा राग? एवढे मोठे नाई लागून गेले तुमी." मग म्हणाली, "कौसीचा डोया तसाच राह्यला. हिचं पैले होऊ दे म्हनली, म्हून राह्यला. म्या म्हनलं, माह्याबी एक राहू दे तिच्यासोबत... दोन वर्स झाले. पुरे आता. उद्या येतो म्हना तुमच्या डॉक्टरले. पन इचारीन मी सोता. तुमी बोलाचं नाई."

मी बोललो नाही. डॉक्टरीणबाईने तपासलं, रागावली. भिंग फार कडक झालं आहे, वेळ जास्त लागेल, सूज येईल, पण डोळा वाचेल असं म्हणाली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि आपला एकच प्रश्न विचारला. "बाई, हे केल्यावर रडलं त चालते काय?"

"रडा की आजी," डॉक्टरीणबाई सहज म्हणाली. ती काहीतरी लिहीत होती. "रडण्याने काही होत नाही. आपलेच आसू ते. चोळू नका फक्त, स्वच्छ कापडाने गालावरचं टिपून घ्या. थेंब वाहून गेले तर परत टाका."

खोलीत पंखा फिरत होता. मी भिंतीवरच्या त्या डोळ्याच्या चित्रातले भाग खालून वर वाचले आणि मग वरून खाली. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर आलो, पायऱ्या उतरलो, तिने आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेवटच्या पायरीवर म्हणाली, "इचाराचं होतं रे."

दोन वर्षांनी 'रे' म्हणाली होती. 

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तिने घरी जायचा हट्ट धरला. या वेळी कोणी अडवलं नाही. गजाननच्या खोलीत कौसाबाईचा फोटो होता. आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून फोटोवाल्याने तो दुसऱ्याच कोणाच्या तरी निळ्या, जरीच्या साडीवर बसवला होता. मावशीने चष्मा काढला, जवळ गेली, नाक टेकेल इतकी. "गजानन, हे लुगडं कोनाचं रे? कौसीनं जन्मात निळं नेसलं नाई." गजानन म्हणाला, "फोटोवाल्याजवळ तेच होतं, मोठी आई." ती हसायला लागली आणि हसता हसताच खाली बसली, आणि मग रडली. दोन वर्षांचं रडली. नावं घेऊन, शिव्या देऊन, पंख्यावरची धूळ आणि टाकीचा निळा असं सगळं एकेक सांगून रडली. आम्ही दाराशी उभे होतो. ती डोळा चोळत नव्हती. पदराच्या टोकाने गाल तेवढा टिपत होती, अगदी सांगितल्याप्रमाणे. संपल्यावर मान वर करून म्हणाली, "टाक आता थेंब." मी टाकले. दोन गालावर पडले. "म्हशीचा डोया नोहय तो," ती म्हणाली.

पुढची पाच वर्षं ती गावाची डोळे तपासनीस झाली. कोणाचं चालताना पाऊल चाचपडलं, कोणाचं निंदण चुकलं, की ही हजर. आठ-दहा बायांना तिने आग्रहाने दवाखान्यात नेलं, आणि प्रत्येकीला गाडीत बसण्याआधीच सांगायची, "रडू आलं त रडाचं, बाई. चोयाचं नाई." मागच्या महिन्यात मी गेलो तर माझी हनुवटी धरून तिने मला उजेडाकडे वळवलं. "तुह्या डोयात ढग धरला. पिकाची वाट पाहू नको." म्हणून मी तपासणीला गेलो होतो, म्हणून थेंब, म्हणून कारंज्याची गाडी, आणि म्हणून तिचा चेहरा मला धुक्यातला दिसला. तेरवीला गेलो तेव्हा गजाननने तिचा काळा चष्मा माझ्या हातात दिला. "तुलेच लागन आता," म्हणाला. एका काडीला तिने दोरा गुंडाळलेला आहे. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे.

हे सगळं लिहून मी शोभाला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून, खिडकीशी बसून, सावकाश वाचलं. मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"एक चुकलं," ती म्हणाली.

"काय?"

"'सांगून टाका' असं मी म्हनलं, हे लिवलं तुमी. वाचनाऱ्याले वाटन, बाई लय शहाणी होती. मी एकडावच म्हनलं होतं. दोनडाव म्हनाले पायजे होतं."